एकाच आम्लाची वेगवेगळी उत्तरे

प्रश्न : बारावीच्या सरावासाठी संहत सल्फ्युरिक आम्लाचे गणित सोडवले. आम्ल वजनाने ९८ टक्के, घनता १.८४ ग्रॅम प्रति मिलिलिटर. मोलॅरिटी आली १८.४, मोलॅलिटी मात्र थेट ५००! उत्तरसूचीतही हेच आकडे आहेत. बाटली एक, मग उत्तरांत एवढी तफावत कशी?

उत्तर : दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. अंश दोन्हीकडे तोच आहे, बदलला आहे तो छेद.

एक लिटर आम्ल घेऊ. घनतेवरून त्याचे वजन १८४० ग्रॅम. त्यातले ९८ टक्के, म्हणजे सुमारे १८०३ ग्रॅम, शुद्ध आम्ल, उरलेले ३६.८ ग्रॅम पाणी. सल्फ्युरिक आम्लाचे मोलर वस्तुमान ९८.०८, म्हणून भागाकार केला की १८.४ मोल मिळतात. इथपर्यंत दोन्ही गणितांची वाट एकच.

आता मोलॅरिटीला हवे आहेत एक लिटर द्रावणातले मोल. आपण लिटरच घेतला होता, म्हणून उत्तर १८.४. मोलॅलिटीला हवे आहेत एक किलो द्रावकामागचे मोल. इथे द्रावक म्हणजे पाणी, आणि ते आहे अवघे ०.०३६८ किलो. एवढ्याशा संख्येने १८.४ ला भागले की ५०० येणारच.

तरीही धक्का बसतो, कारण आपला हात विरल द्रावणांवर बसलेला असतो. सलाईनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.१५४ मोल. त्या लिटरभरात पाणी जवळपास एक किलोच असते, त्यामुळे मोलॅरिटी आणि मोलॅलिटी यांत फारसा फरक पडत नाही. द्रावण संहत होत जाते तसे पाणी कमी होते आणि दोन आकडे एकमेकांपासून दुरावतात. ९८ टक्क्यांना तर पाणी नावापुरतेच द्रावक उरते. म्हणून ५०० हे उत्तर हिशेबाने अचूक असले, तरी प्रयोगशाळेत या आम्लाबद्दल कोणी मोलॅलिटीत बोलत नाही.

परीक्षेत उपयोगी पडेल अशी एक गोष्ट : घनता लागते ती फक्त वजनावरून आकारमानावर (किंवा उलट) जाताना. टक्केवारीही वजनाची आणि मोलॅलिटीही वजनावरची, म्हणून तिथे घनतेला हात लावू नका. १०० ग्रॅम आम्ल घ्या : ९८ ग्रॅम आम्ल म्हणजे जवळजवळ एक मोल, सोबत २ ग्रॅम पाणी. ५०० हे उत्तर तोंडी निघते. मोलॅरिटीत मात्र लिटर आहे, म्हणून घनता हवीच. पाठ केलेले ‘१० गुणिले टक्के गुणिले घनता भागिले मोलर वस्तुमान’ हे सूत्र म्हणजे वरचाच एक लिटरचा हिशेब. त्यातला १० येतो १००० मिलिलिटरला टक्क्यातल्या १०० ने भागून.

मग दोन एकके ठेवायचीच कशाला? द्रावण तापले की फुगते, लिटरभरातले मोल घटतात आणि मोलॅरिटी किंचित उतरते. वजन तापमानाने बदलत नाही, त्यामुळे मोलॅलिटी तीच राहते. गोठणबिंदू किती उतरला, उत्कलनबिंदू किती चढला, या गणितांत ती वापरतात ती यासाठीच. उलट, ब्युरेट आणि पिपेट आकारमान मोजतात, म्हणून अनुमापनात मोलॅरिटी सोयीची.

प्रश्न : माझी बहीण लंडनला असते. तिच्या रक्तातली साखर ‘५.६’ आली, माझी ‘१००’. ती म्हणते, दोन्ही सारख्याच. कसे काय?

उत्तर : बहिणीचे बरोबर आहे. आपल्याकडच्या लॅब साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये. इथे अंश आणि छेद दोन्ही बदलतात. डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर. तेव्हा तुमचे १०० मिलिग्रॅम लिटरला १००० होतात. ग्लुकोजचे मोलर वस्तुमान १८०, म्हणून १००० भागिले १८० म्हणजे ५.६. हा सगळा हिशेब एका पायरीत करायचा तर आपल्याकडच्या आकड्याला १८ ने भागायचे.

हा १८ मात्र ग्लुकोजपुरताच. त्याच रिपोर्टवरच्या कोलेस्टेरॉलचे मोलर वस्तुमान सुमारे ३८७, तेव्हा तिथला भाजक ३८.७ होतो. १८ नेच भागलेत, तर कोलेस्टेरॉल खऱ्यापेक्षा दुपटीहून अधिक दिसेल.