रिमॅपला नेमके किती पडतात?

टर्बो गाडीच्या स्टेज १ रिमॅपला पुण्या-मुंबईत साधारण २५ ते ५० हजार रुपये सांगतात. महागड्या जर्मन गाडीला बरेच जास्त. सांगितलेल्या दरात १८ टक्के जीएसटी धरलाय का, ते आधी विचारा. ४० हजारांचे ४७,२०० होतात ते तिथेच. चिप बदलण्याचा जमाना गेला. आता बहुतेक गाड्यांत ओबीडी पोर्टला वायर लावून ईसीयूमधली (इंजिन चालवणाऱ्या संगणकातली) फाइल, म्हणजे मॅपच बदलतात. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीवर मात्र हा खर्च करूच नका. पाच-सात हॉर्सपॉवर वाढली तरी कात्रजच्या घाटात कळायचीसुद्धा नाही.

खरा हिशेब गिअरबॉक्सपाशी सुरू होतो. फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हियाचं १.५ टीएसआय इंजिन कंपनीतूनच २५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. त्याला जोडलेला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे डीक्यू२००, त्याची कंपनीने ठरवलेली मर्यादाही २५०च! स्टेज १ नंतर टॉर्क तीनशेच्या आसपास जातो. म्हणजे पहिल्या दिवसापासून गिअरबॉक्स मर्यादेबाहेर. लगेच काही होत नाही, म्हणूनच लोक निर्धास्त असतात. पण क्लच आणि मेकाट्रॉनिकचं (गिअरबॉक्सच्या नियंत्रण युनिटचं) काम निघालं तर बिल लाखाच्या पुढे जाऊ शकतं. मॅन्युअल गाडीत निदान क्लचवर भागतं.

ते बिल वॉरंटीत बसवू, अशी आशा नको. फोक्सवॅगन समूहाच्या गाडीत बदललेलं सॉफ्टवेअर सापडलं की कंपनीच्या नोंदीत ‘टीडी१’ असा शेरा पडतो. नंतर मूळ फाइल परत टाकली म्हणून तो जात नाही. वायरिंगला जोडायचा ट्यूनिंग बॉक्स स्वस्त पडतो आणि काढताही येतो, पण ताण गिअरबॉक्सवर तोच. विमा कंपनीला बदल कळवला नसेल, तर दाव्याच्या वेळी तिथेही अडचण उभी राहते.

मॅप ९५ ऑक्टेनवर बेतलेला असेल तर पेट्रोलही तसंच भरावं लागतं. लिटरमागे सात रुपये जास्त धरले, तर महिना हजार किलोमीटर आणि बाराच्या मायलेजला महिन्याला सहाशे रुपयांच्या आसपास जादा खर्च.

डिझेलवाल्यांना ‘डीपीएफही (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) काढून देतो’ असं सांगणारा ट्यूनर भेटला तर सरळ उठा. प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहे.

माझं मत विचाराल तर वॉरंटी संपलेली, मॅन्युअल, क्लच धड असलेली टर्बो गाडी असेल तरच खुशाल करा, आणि रिमॅपला लागतील तेवढेच पैसे क्लचसाठी बाजूला ठेवा. पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: आधीचा आणि नंतरचा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख, मूळ फाइलची प्रत, आणि सर्व्हिस सेंटरच्या अपडेटमध्ये मॅप पुसला गेला तर तो फुकट परत टाकून देण्याची हमी.