सिकलसेल आणि वनौषधी : आशा किती, आधार किती?

भगवान बुद्धांचे वैद्य जीवक तक्षशिलेत सात वर्षे शिकले. अखेरीस आचार्यांनी त्यांच्या हाती कुदळ दिली आणि सांगितले, "तक्षशिलेभोवती एक योजन फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आण." जीवक रिकाम्या हातांनी परतले. महावग्गातील ही कथा आपल्या विहारांतून अनेकदा सांगितली जाते. मात्र सांगताना सात वर्षांच्या अभ्यासावर कोणी फारसे थांबत नाही. वनस्पती औषधी आहे एवढेच जीवकांना ठाऊक नव्हते. कोणत्या आजारावर, तिचा कोणता भाग आणि किती, हेही त्यांना ठाऊक होते.

हे आठवण्याचे कारण सिकलसेल. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूर भागातील आदिवासी बांधवांत आणि आपल्या बौद्ध समाजातही हा आजार आहे. भारतात त्याची पहिली नोंद 1952 साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. पुढे 1958 साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातील सिकलसेलवरील अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही लोक याला अमुक जातीचा आजार म्हणून नाक मुरडतात. ते अज्ञान आहे. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, इटली येथेही तो आहे. जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तेथे हा दोष टिकला, कारण एकच दोषी जनुक असलेल्या वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते.

सिकल म्हणजे विळा. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल एवढाच! पण प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे दांडे बनतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी ताठ व विळ्यासारखी होते. बारीक रक्तवाहिन्यांत या पेशी अडकतात व हाडे, छाती, पोट यांत असह्य कळा येतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्तक्षय आणि म्हणूनच डोळ्यांत पिवळेपणा. पुष्कळदा त्याला कावीळ समजून लेकराला गळ्यात माळ घालायला नेतात, आणि खरा आजार तसाच राहतो.

आता वनस्पतींकडे वळू. या बाबतीत सर्वांत जास्त काम नायजेरियात झाले. अबुजा येथील राष्ट्रीय औषध संशोधन संस्थेने एका पारंपरिक वैद्यघराण्याच्या औषधावरून 'निप्रिसान' तयार केले. त्यात चार वनस्पती : मिरीच्या कुळातील एक आफ्रिकी बी, आपल्या बिबळ्याच्या जातकुळीतील एक झाड, लवंग आणि ज्वारी. दुसरे औषध 'सिक्लाविट', त्याचा मुख्य आधार तुरीचे बी. ज्वारी आणि तूर! लातूरच्या बाजारात पोत्यांनी येणारा माल. वाचून आम्हीही हरखलो.

पण पुढचेही वाचावे. निप्रिसानची चाचणी 82 रुग्णांवर व सिक्लाविटची 100 रुग्णांवर झाली. दोन्हींत कळांचे झटके कमी झाल्याचे आढळले. चाचण्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने या निष्कर्षांची दखल घेतली आणि आणखी मोठ्या चाचण्या हव्यात असे म्हटले. निप्रिसान 2006 साली 'निकोसान' नावाने बाजारात आले. ते बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीचे 2008 साली दिवाळे निघाले आणि एक आशादायक औषध अर्ध्या वाटेवर राहिले. गरिबांच्या आजाराला भांडवल मिळणे अवघड असते, हे बँकेत बसणाऱ्या आम्हाला निराळे सांगायला नको.

मग रोज वरण-भाकरी खाणाऱ्या मराठवाड्यात सिकलसेल का टिकला? तुरीच्या अर्कात फेनिलअॅलॅनिन नावाचे अमिनो आम्ल सापडले व परीक्षानळीत त्याने पेशींचे विळे होणे कमी केले. नळीत अर्क सरळ पेशींवर पडतो. ताटातली डाळ शिजते, पचते, यकृतातून जाते. रक्तात तेवढ्या प्रमाणात काय पोचेल? पपईचे पान, शेवगा यांच्याविषयीचे बहुतेक प्रयोगही नळीतलेच आहेत. ज्वारीचे म्हणाल, तर कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. तिच्यात सायनाइड तयार होते. घरी पाला वाटून लेकराला पाजण्याचा विचारही करू नये.

वनस्पतींना कमी लेखण्याचा हेतू नाही. अंगणातल्या सदाफुलीपासूनच रक्ताच्या कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टिन मिळाले. सिकलसेलच्या रुग्णाला रोज दिली जाणारी फॉलिक अॅसिडची गोळीही मुळात पाल्याशीच नाते सांगते. 1941 साली पालकाच्या पानांतून ते वेगळे केले गेले. त्याआधी ल्यूसी विल्स या डॉक्टर बाईंनी मुंबईच्या गरोदर गिरणी कामगार स्त्रियांचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो हे 1931 साली दाखविले होते. तो गुण फॉलिक अॅसिडचा, हे नंतर कळले. फॉलिक अॅसिडने नवे रक्त बनायला मदत होते, पेशीचा विळा होणे मात्र थांबत नाही.

ज्याचा परिणाम पक्का सिद्ध आहे ते आज हायड्रॉक्सियुरिया. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवते, झटके कमी करते. त्यासाठी ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते आणि गर्भारपणात ते चालत नाही. "महिन्यात मुळासकट बरा" अशा चूर्णासाठी हे औषध बंद करणे, त्यासाठी सोने तारण ठेवणे, हा सौदा जिवावर बेततो. रक्त कमी म्हणून लोहाचे टॉनिकही मनाने घेऊ नये. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते.

विद्यार्थ्यांनी एक हिशेब पाठ करावा. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के, पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नव्हे. वाहक स्वतः सहसा धडधाकट असतो, त्याने लग्नच करू नये असे मुळीच नाही. जोडीदाराचे रक्त तेवढे आधी पाहावे. साध्या सोल्युबिलिटी चाचणीत वाहक व रुग्ण हा फरक कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 रोजी सुरू झाली असून तिच्यात 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी अपेक्षित आहे. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा ज्यांच्या घरी रुग्ण विद्यार्थी आहे त्यांनी जिल्हा रुग्णालयात प्रमाणपत्राची चौकशी करावी. वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात शिक्षण, नोकरी, उंची यांचे रकाने असतात. त्यातच तपासणीचा एक रकाना वाढवायला कागद लागतो तेवढाच लागेल.