शब्द समजून घ्या, धोका टाळा

मुलांनो, उर्दूत ज्या रोगाला आपण 'सरतान' म्हणतो, त्याला मराठीत 'कर्करोग' म्हणतात. सरतान म्हणजे खेकडा आणि कर्क म्हणजेही खेकडाच! या रोगात शरीरातील काही पेशी बेसुमार वाढतात आणि आजूबाजूच्या भागांत शिरतात.

महाड-पोलादपूर भागातील कितीतरी लोक महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रसायनांच्या कारखान्यांत काम करतात. कदाचित तुमचे अब्बा किंवा चाचाही त्यांत असतील. म्हणून पुढील शब्द नीट समजून घ्या.

कर्करोगजनक : ज्याच्यामुळे कर्करोग होऊ शकतो असा पदार्थ. १८९५ साली जर्मन डॉक्टर लुडविग रेन यांना रंगाच्या कारखान्यातील कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग आढळला. रसायनांकडे बोट दाखवणारा तो एक मोठा पुरावा ठरला.

संपर्क : पदार्थ श्वासातून, तोंडावाटे किंवा त्वचेतून शरीरात जाणे. बंद पिंपातील बेंझिनही कर्करोगजनकच असते. पण झाकण उघडून त्याची वाफ श्वासात गेली, की संपर्क घडतो.

मात्रा : पदार्थ किती प्रमाणात शरीरात गेला, ते माप.

जोखीम : रोग होण्याची शक्यता. मात्रा वाढली आणि संपर्क वर्षानुवर्षे चालू राहिला, की जोखीम वाढते.

सुप्तकाळ : पहिला संपर्क आणि रोग दिसणे यांमधला काळ. तो अनेकदा दहा-वीस वर्षांचा किंवा त्याहूनही अधिक असतो.

आता घरात पाहा. एखादी दादी तंबाखू भाजून केलेली मशेरी रोज दातांना लावते. "इतक्या वर्षांत मला काही झाले नाही," असे ती म्हणते. तिला कोणता शब्द समजावून सांगाल? सुप्तकाळ!

फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू आणि बेंझिन यांना एकाच, पहिल्या गटात ठेवले आहे. या गटावरून पुरावा किती पक्का आहे ते कळते. जोखीम किती, ते कळत नाही. ती संपर्कावर आणि मात्रेवर ठरते. म्हणून अब्बांना कारखान्यातील संरक्षक साधने वापरायला सांगा आणि दादीला मशेरी सोडायला प्रेमाने सांगा. तोंडातील जखम बरी होत नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. रोग लवकर कळला, तर बरा होण्याची शक्यता अधिक असते.

स्वाध्याय
१. संपर्क म्हणजे काय? तो कोणत्या मार्गांनी घडतो?
२. 'कर्करोगजनक' आणि 'जोखीम' यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.