पुरात बुडालेले भात : मोडण्याची घाई नको

वसई-विरारच्या पूर्व पट्ट्यात तानसा नदीकाठच्या पारोळ, भाताणे, खानिवडे या गावांत भातखाचरांवर पाणी चढणे नवीन नाही. जुलै २०१८ सारखा पाऊस झाला आणि त्याच वेळी खाडीला भरती असली, की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेली, पिवळी पडलेली रोपे पाहून पीक गेले असे वाटते आणि खाचर पुन्हा चिखलणीला घेतले जाते. पुष्कळदा ही घाई नडते. त्या दिवसांत रोपाच्या आत काय चालते, हे समजून घ्यावे.

रोपाच्या प्रत्येक पेशीत जनुके असतात. जनुक म्हणजे तलाठ्याच्या दप्तरातील मूळ नोंद समजा. दप्तर जागचे हलत नाही, कामासाठी नक्कल काढतात. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ती वाचून पेशी प्रथिने तयार करते आणि त्यांतून पान, मूळ, फुटवा घडतो. पण नक्कल निघाली म्हणजे काम झाले असे नव्हे, हा कचेरीतला अनुभव आपल्याला आहेच. ती पुढे पाठवायची, अडवायची की नष्ट करायची, हे आरएनएला चिकटणारी काही प्रथिने ठरवितात.

पाण्यात प्राणवायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यामुळे बुडालेल्या रोपाला ऊर्जा अपुरी पडते, आणि प्रथिने बनविणे हे तर मोठे खर्चाचे काम. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखविले, की अशा वेळी यूबीपी-१ नावाचे प्रथिन वाढीच्या कामाच्या नकला धरून बाजूला ठेवते. तग धरण्यासाठी लागणाऱ्या नकला मात्र चालू राहतात. प्राणवायू परत मिळताच काही मिनिटांत बाजूच्या नकला पुन्हा कामाला लागतात. हे काम मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपावर झाले आहे, भातावर नव्हे. पण काटकसरीचे तत्त्व भातातही दिसते. ओडिशातील एफआर-१३-ए या जुन्या वाणातील सब-१-ए हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले. ते बुडालेल्या रोपाची उंच वाढ रोखून साठा वाचविते. ते घातलेला स्वर्णा सब-१ हा वाण सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो. आपल्या नेहमीच्या वाणांत एवढी ताकद नसते, म्हणून त्यांच्या बाबतीत पाणी किती दिवस राहिले ते मोजून ठेवावे.

पाणी ओसरल्यावर चार-पाच दिवस खाचरात पाय घालू नये. नंतर ठिकठिकाणचे चूड बुंध्याशी दाबून पाहावेत. बुंधा टणक व आतून पांढरट असेल तर रोप जिवंत आहे, मऊ पडून वास येत असेल तर गेले. कोवळे पान दिसण्यापूर्वी युरिया टाकू नये. साधारण आठवड्याने टाकावा. नांगे भरण्यासाठी राबाच्या कोपऱ्यात थोडी रोपे राखलेली असावीत. नसल्यास जोमदार चुडांचे फुटवे वेगळे करून लावावेत.

खाडीचे खारे पाणी शिरले असेल तर मात्र असे थांबू नये. ओहोटी लागताच उघाडीतून ते काढून टाकावे आणि पावसाचे गोडे पाणी खाचरात साठवून पुन्हा सोडून द्यावे.