सामाईक दप्तराची राखण : फाईल-सर्व्हरची वेळच्या वेळी दुरुस्ती

सार्वजनिक संस्थेचे खरे धन तिच्या दप्तरात असते. सभासदांची नामावली, देणग्यांच्या पावत्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, जमाखर्चाची खाती, जुनी इतिवृत्ते हे सारे पूर्वी लाकडी कपाटात असे व कपाटाची किल्ली चिटणिसांपाशी असे. आज हेच दप्तर बहुतेक संस्थांत एका संगणकात असते आणि कचेरीतील इतर संगणक त्याच्याशी जोडलेले असतात. या सामाईक कपाटाला फाईल-सर्व्हर म्हणतात. त्यातील प्रणालीची दुरुस्ती वेळच्या वेळी का व कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय तांत्रिक वाटला तरी निर्णय कार्यकारी मंडळाचा आहे. म्हणून तो सर्वांनी समजून घेणे इष्ट.

संगणकांनी एकमेकांकडे फाईल कशी मागावी व कशी द्यावी, याची एक ठरलेली भाषा आहे. तिचे नाव एसएमबी. ती १९८० नंतरच्या दशकात आयबीएम कंपनीत जन्मली व मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने तिचा प्रसार केला. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास हीच भाषा बोलणारा सर्व्हर इतर जातीच्या संगणकांसाठी लिहिला. पुढे तो 'सांबा' या नावाने जगभर गेला. एस, एम, बी ही अक्षरे ज्यात येतात असा शब्द शोधून हे नाव ठेवले गेले. सांबा विनामूल्य आहे. फायली साठविण्याची जी लहान पेटी बाजारात मिळते, तशा अनेक पेट्यांच्या पोटात सांबाच असतो. घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

कोणतीही प्रणाली माणसांनी लिहिलेली असते. तीत उणिवा राहतातच. उणीव सापडली की निर्माते ती बुजविणारी दुरुस्ती प्रसिद्ध करतात. तिला पॅच म्हणतात. पेडण्यात शापोरा-तेरेखोलच्या काठी वा डिचोलीत मांडवीच्या काठी ज्यांनी खाजन शेती पाहिली आहे, त्यांना ही गोष्ट वेगळी सांगावयास नको. बांधाला खेकड्याने बीळ पाडले आणि ते वेळीच मातीने बुजविले नाही, तर भरतीचे खारे पाणी त्याच वाटेने शिरते आणि नुकसान एका शेताचे न होता साऱ्या खाजनाचे होते. फरक एवढाच की, पॅच प्रसिद्ध होताच बीळ कोठे आहे हे चोरालाही कळते. म्हणून पॅच निघाल्यापासून तो लावीपर्यंतचे दिवस सर्वांत धोक्याचे होत.

२०१७ साली जगाला याचा धडा मिळाला. विंडोजमधील एसएमबीच्या एका उणिवेवर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजी पॅच काढला. १४ एप्रिलला त्या उणिवेचा गैरफायदा घेणारे हत्यार उघड झाले आणि १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर विषाणू सुटला. सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फायली कुलूपबंद झाल्या. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. औषध ५९ दिवस आधी फुकट मिळत होते. ते घेतले गेले नाही, एवढेच.

२७ जूनला 'नॉटपेट्या' आला. उरणनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम त्याने विस्कळित केले. तो एका पॅच न लावलेल्या संगणकात शिरे, तेथील परवलीचे शब्द चोरी आणि त्यांच्या बळावर पॅच लावलेल्या संगणकांतही जाई. एक यंत्र मागे राहिले तरी सर्वांना धोका, हा यातील बोध.

सांबाही सुटला नाही. २४ मे २०१७ रोजी त्यात एक गंभीर उणीव जाहीर झाली. २०१० च्या ३.५.० या आवृत्तीपासून ती तशीच पडून होती. पॅच त्याच दिवशी मिळाला. पण पेटीत सांबा आहे हेच ज्यांना ठाऊक नव्हते, ते काय लावणार?

आपल्या गोव्यातही निष्काळजीपणाची किंमत मोजावी लागली आहे. २१ जून २०२२ रोजी, ऐन पावसात, जलस्रोत खात्याच्या पूर-देखरेख यंत्रणेच्या पणजीतील सर्व्हरवर खंडणीखोरांनी हल्ला केला. प्रमुख नद्यांवरील १५ केंद्रांची माहिती त्यात जमा होत असे. विषाणूरोधक प्रणालीचा अभाव व कालबाह्य झालेली सुरक्षा-भिंत ही कारणे खात्याच्याच तक्रारीत होती. वाळवंटीचे पाणी चढताना पाहिलेल्या डिचोली-साखळीच्या लोकांना या माहितीचे मोल सांगावयास नको.

आता लहान संस्थेने काय करावे ते क्रमाने पाहू.

प्रथम, कचेरीतील प्रत्येक संगणक, पेटी व स्कॅनर यांची यादी करावी आणि त्यांतील प्रणालीची आवृत्ती लिहून ठेवावी. सांबाचा नुसता आकडा जुना दिसला म्हणून घाबरू नये. लिनक्सचे काही वितरक जुन्या आकड्याच्या आवृत्तीतच नवे पॅच घालून देतात. मात्र ज्या यंत्राला आता पॅच मिळतच नाहीत, ते बदलावे. विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे.

दुसरे, दुरुस्तीपूर्वी दप्तराची नक्कल घ्यावी. वाटणीचे नियम व परवलीचे शब्द ज्यांत असतात त्या फायलीही घ्याव्यात. नक्कल घेऊन झाल्यावर ती डिस्क काढून कुलपात ठेवावी. नॉटपेट्याच्या वेळी मर्स्कच्या जगभरच्या जाळ्याची एक महत्त्वाची नोंदवही केवळ घानामधील सर्व्हरवर वाचली, कारण तेथे त्या वेळी वीज गेली होती! आपण विजेच्या भरवशावर राहू नये. नकलेतून एखादी फाईल परत काढून पाहिल्याशिवाय ती नक्कल खरी मानू नये.

तिसरे, पॅच निर्मात्याकडूनच घ्यावा. निरोपातून आलेल्या दुव्यावरून नव्हे. तो लावताना सर्वांना आधी कळवून फायली बंद करावयास सांगाव्यात. लावल्यावर सर्व्हर-सेवा पुन्हा सुरू करावी, अन्यथा जुनाच कार्यक्रम स्मृतीत चालू राहतो. मग तीन गोष्टी तपासाव्यात : फाईल उघडते का, तीत लिहिता येते का, आणि ज्याला अधिकार नाही त्याला नकार मिळतो का.

चौथे, एसएमबीची पहिली आवृत्ती बंद ठेवावी. सांबाने २०१९ पासून ती मुळातच बंद केली आहे. यामुळे एखादा जुना स्कॅनर सामाईक कपाटात कागद टाकीनासा होईल. तेव्हा स्कॅनर बदलावा किंवा पेनड्राइव्हने काम भागवावे. त्याच्यासाठी दार उघडे ठेवू नये. तसेच सर्व्हरचे एसएमबीचे दार इंटरनेटकडे कधीही उघडू नये.

पाचवे व सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणूस व दिवस ठरवावा. मायक्रोसॉफ्टचे पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्यानंतरचा रविवार संस्थेने दुरुस्तीसाठी राखावा. तातडीचा पॅच मात्र रविवारची वाट न पाहता लावावा. जबाबदार व्यक्तीचे व तिच्या गैरहजेरीत काम पाहणाऱ्याचे नाव इतिवृत्तात नोंदवावे, आणि दर सभेत 'पॅच लावले काय?' हा प्रश्न हिशेबाइतक्याच गांभीर्याने विचारावा.

पावसापूर्वी घराचे नळे परतावयास आपण विसरत नाही. ज्या विद्यार्थ्याने आपल्या घरची मिळकत विश्वासाने आपल्या अर्जात लिहिली, त्याचा कागदही आपल्याच छपराखाली आहे. त्या छपराची काळजी वाहणे हे आपले कर्तव्य होय.