पाळीव पालींमधील नर व मादी

मराठी भाषेने पालीला सरसकट स्त्रीलिंगी ठरवले आहे. भिंतीवरची पाल नर की मादी, असा प्रश्न व्यवहारात सहसा कोणी विचारीत नाही. परंतु जेथे पाली हौसेने पाळल्या जातात तेथे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. दोन प्रौढ नर एकाच पेटीत ठेवले, तर ते एकमेकांवर तुटून पडतात. शेपट्या तुटतात, जखमा चिघळतात आणि दुबळा नर प्रसंगी प्राणासही मुकतो. नर व मादी अजाणता एकत्र राहिली, तर पूर्ण वाढ होण्यापूर्वीच मादीवर अंडी घालण्याचा भार पडतो व तिच्या शरीरातील कॅल्शियमचा साठा खर्ची पडतो. म्हणून पाल पाळू इच्छिणाऱ्याने लिंग ओळखण्याची रीत प्रथम शिकून घ्यावी, हे इष्ट होय.

पाळीव पालींमध्ये लेपर्ड गेको ही जात अतिशय लोकप्रिय आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत हा तिचा मूळ प्रदेश. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ साली तिचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. पिवळसर अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके असल्यामुळे तिला हे नाव पडले. तिच्या पापण्या हलू शकतात, तसेच तिच्या बोटांना चिकटून राहणाऱ्या गाद्या नसतात. त्यामुळे ती काचेवर वा गुळगुळीत भिंतीवर चढत नाही, जमिनीवरच वावरते.

नवशिक्याचे लक्ष साहजिकच तिच्या रंगाकडे व आकाराकडे जाते, आणि येथेच त्याची फसगत होते. रंगावरून या जातीतील नर-मादी मुळीच ओळखता येत नाहीत. नराचे डोके रुंद व मान जाड असते हे खरे. पण चांगली पोसलेली मादी कृश नरापेक्षा सहज थोराड दिसते. खात्रीची खूण पाठीवर नसून पोटाखाली असते.

मागच्या पायांच्या मध्ये, शेपटीच्या मुळाशी एक आडवी चीर असते. मल, मूत्र व जनन या तिन्ही मार्गांचे ते समाईक द्वार होय. त्यास अवस्करद्वार म्हणतात. प्रौढ नरात या द्वाराच्या किंचित पुढे बारीक छिद्रांची एक ओळ दिसते. ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी वाकलेली असून छिद्रांतून मेणासारखा पदार्थ स्रवतो. मादीतही त्या जागी खवल्यांची तशीच ओळ असते. मात्र त्यांवरील खळगे उथळ असतात व त्यांत मेण नसते. दुसरी खूण द्वाराच्या मागे असते. नराची दोन जननेंद्रिये शेपटीच्या मुळात आत ओढलेली असल्यामुळे तेथे शेजारी शेजारी दोन फुगवटे दिसतात. मादीच्या शेपटीचे मूळ सपाट असते. दोन्ही खुणा एकत्र आढळल्या, तरच निर्णय पक्का समजावा.

तपासणीसाठी पालीला उताणी करण्याची गरज नाही, आणि शेपटी तर कधीही धरू नये. घाबरलेली पाल शेपटी तोडून टाकते. नवी शेपटी येते, परंतु ती पहिल्यासारखी नसते. पारदर्शक डब्यात पालीला ठेवून डबा डोळ्यांच्या वर धरावा आणि भिंगातून खालची बाजू पाहावी. पिल्लांच्या बाबतीत मात्र धीर धरावा लागतो. पहिले काही महिने दोन्ही खुणा अस्पष्ट असतात. साधारणपणे सहा महिन्यांनंतरच त्या भरवशाच्या होतात.

आपल्याकडील घरातल्या पालीचे निरीक्षणही याच रीतीने करता येते. रात्री खिडकीच्या काचेवर कीटक टिपणारी पाल खोलीतून पाहिली, की तिची खालची बाजू आपसूक दृष्टीस पडते. नराच्या मांड्यांच्या खालच्या बाजूस छिद्रांच्या ओळी असतात. तर गाभण मादीच्या पोटाच्या पातळ त्वचेतून दोन पांढरी अंडी स्पष्ट दिसतात. काही जातींत मात्र हा प्रश्नच उद्भवत नाही. प्रशांत महासागराच्या बेटांवर आढळणाऱ्या एका लहान पालीच्या जातीत जवळजवळ सर्व प्राणी माद्याच असतात व त्या नरावाचून प्रजा निर्माण करतात.

लेपर्ड गेकोत लिंग ठरते तेही विलक्षण रीतीने. ते अंडी कोणत्या तापमानात उबतात यावर अवलंबून असते. सुमारे २६ अंश सेल्सियसला उबलेल्या अंड्यांतून माद्या निघतात, ३२.५ अंशांच्या आसपास नरांचे प्रमाण अधिक असते आणि ३४ अंशांना पुन्हा बहुतेक माद्याच जन्मतात. म्हणून पैदास करणारे तापमानावरून पिल्लांचे लिंग आधीच सांगतात. परंतु तो केवळ संभव होय, निर्णय नव्हे. गुट्झके व क्रूज या संशोधकांनी १९८८ साली असेही दाखवून दिले, की अधिक उष्णतेत उबलेल्या माद्या नरांसारख्या आक्रमक होतात. तेव्हा भांडखोर दिसली म्हणून एखादी पाल नर ठरत नाही.

मग खुद्द पाली एकमेकींना कशा ओळखतात? मेसन व गुट्झके यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार त्यांची ओळख त्वचेवरील रासायनिक द्रव्यांच्या आधारे होते. ज्या मादीशी नर एरवी प्रणयाराधन करतो, तीच कात टाकीत असताना तो तिच्यावर प्रतिस्पर्ध्याप्रमाणे हल्ला चढवतो. कात उतरली, की पुन्हा तिला मादी म्हणून ओळखतो. यावरून पाळणाऱ्यासही एक व्यावहारिक बोध घेता येतो: कात टाकणाऱ्या मादीला नरापासून दूर ठेवावे, आणि लिंगाविषयी निश्चित निर्णय होईपर्यंत प्रत्येक पालीला स्वतंत्र पेटी द्यावी. एका जादा पेटीचा खर्च थोडा असतो. चुकीच्या अंदाजाची किंमत मात्र त्या मुक्या प्राण्याला मोजावी लागते.