‘गुण’ शब्दाचा अर्थविस्तार

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला कीं, विद्यार्थ्यास घरीं पहिला प्रश्न विचारण्यांत येतो तो हाच कीं, “गुण किती मिळाले?” ज्या शब्दावर त्या दिवशींचा हर्ष किंवा विषाद अवलंबून असतो, त्या शब्दाच्या पोटांत काय काय सांठविलेलें आहे, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. तो थोडक्यांत करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

संस्कृत भाषेंत ‘गुण’ म्हणजे दोरा, दोरीचा पेड, तसेंच धनुष्याची दोरी. पेडास पेड जोडीत गेलें म्हणजे दोरी द्विगुण, त्रिगुण होते. यावरून ‘पट’ हा अर्थ रूढ झाला व अंकगणितांतील गुणक, गुण्य, गुणाकार हे शब्द त्यांतूनच निघाले.

सांख्यदर्शनांत सत्त्व, रज आणि तम असे तीन गुण सांगितले आहेत. येथें ‘गुण’ म्हणजे चांगुलपणा नव्हे. प्रकृतिरूपी दोरी ज्या तीन पेडांची वळलेली आहे, ते हे पेड होत. सत्त्व प्रकाश देतें, रज चालना देतें आणि तम जडत्व आणून झांकून टाकतें. ईश्वरकृष्णानें ‘सांख्यकारिके’त यांस दिव्याची उपमा दिली आहे. वात, तेल आणि ज्योत यांचे स्वभाव निरनिराळे. तथापि तिन्ही मिळून उजेड पाडतात. भगवद्गीतेच्या १४ व्या अध्यायांत तर हे तिन्ही गुण जीवास बांधतात असें सांगितलें आहे. सत्त्वगुणही सुखाच्या व ज्ञानाच्या आसक्तीनें बांधतोच! दोरीचा मूळ अर्थ येथें पुनः जागा झालेला दिसतो.

वैशेषिकांचा मार्ग याहून वेगळा. त्यांच्या मतें गुण हा द्रव्याच्या आश्रयानें राहतो. त्यास स्वतंत्र अस्तित्व नाहीं. दूध बाजूस ठेवून नुसता पांढरेपणा कोणास दाखवितां येईल? कणादानें असे १७ गुण नांवानिशीं सांगितले; प्रशस्तपादानें त्यांत ७ मिळवून २४ केले. रूप, रस, गंध, स्पर्श यांच्याबरोबरच बुद्धि, सुख, दुःख आणि प्रयत्न यांचीही त्यांत गणना आहे. व हे शेवटचे चार आत्म्याच्या ठायीं वसतात.

व्याकरणांत पाणिनीनें अ, ए, ओ या स्वरांस ‘गुण’ ही संज्ञा दिली. महा आणि ईश मिळून ‘महेश’, सूर्य आणि उदय मिळून ‘सूर्योदय’, हे गुणसंधि विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेतच. साहित्यशास्त्रांत मम्मटानें माधुर्य, ओज व प्रसाद हे काव्याचे तीन गुण मानले. वेदान्तांत ‘निर्गुण’ हें परब्रह्माचें वर्णन होय. व्यवहारांत मात्र एखाद्या मनुष्यास निर्गुण म्हणणें ही त्याची निंदा ठरते. शब्द एकच, परंतु प्रसंगभेदानें त्याचा अर्थ किती पालटतो!

आपल्या मराठींतही हा शब्द घरोघर नांदतो. औषधाचा गुण येतो, संगतीचा गुण लागतो. आणि चिरंजीवांनीं खोडी काढली म्हणजे त्यांनीं ‘गुण उधळले’ असें आई उपरोधानें म्हणते.

आतां एकच अर्थ सांगावयाचा राहिला. मीमांसाशास्त्रांत जें मुख्य तें ‘प्रधान’ आणि त्यास साहाय्यभूत असें जें दुय्यम तो ‘गुण’. आपण नेहमीं वापरतों तो ‘गौण’ शब्द ‘गुण’ या शब्दापासूनच झालेला आहे. विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. गुणपत्रिकेवरील आंकडा निरुपयोगी नाहीं; पण तो प्रधान नव्हे, गौण आहे. प्रधान तें विद्याग्रहण. वैशेषिकांच्या दृष्टीनें पाहिलें तर प्रयत्न हा गुण उत्तरपत्रिकेंत राहत नाहीं, विद्यार्थ्याच्या आत्म्यांत राहतो. तेव्हां निकालाच्या दिवशीं “गुण किती मिळाले?” असें अवश्य विचारावें, परंतु त्यापाठोपाठ “गुण कोणते आले?” हा दुसरा प्रश्न विचारण्यास आईबापांनीं विसरूं नये. पहिल्याचें उत्तर कागदावर सांपडेल. दुसऱ्याचें उत्तर मुलाच्या वर्तनांत शोधावें लागेल.